मोगऱ्याच्या दिवसांतला धूर

पुष्कळ काळ लोटला या गोष्टीला. तेव्हापासून राजे बदलले, नाणी बदलली, नदीनंसुद्धा एकदा आपलं पात्र बदललं. त्या काळी एका डोंगराच्या उतरणीवर एक गाव होतं, आणि त्या गावाचं तेल दूरदूरच्या मुलुखांत जात होतं.

तेल म्हणजे मोगऱ्याचं फुलेल. आता कुणी विचारील, फुलातून तेल कसं निघतं? निघत नाही. तेल तिळाचंच, फूल त्याला नुसता वास देतं. संध्याकाळी गच्चीवर धुऊन सोललेला पांढरा तीळ पसरायचा, त्यावर मोगऱ्याच्या कळ्यांचा थर द्यायचा, वर पुन्हा तीळ, पुन्हा कळ्या. रात्रभर कळ्या उमलत राहायच्या आणि तीळ तो वास पीत राहायचा. सकाळी कोमेजलेली फुलं वेचून टाकायची, संध्याकाळी ताज्या कळ्या घालायच्या. पाडव्यापासून वळीव येईपर्यंत हे चालायचं. मग तीळ घाण्यात.

तिळाचा स्वभाव भोळा. जो शेजारी बसेल त्याचा वास घेईल. मोगरा बसवा, मोगरा घेईल. लसूण बसवा, लसूण घेईल. म्हणून त्या गावाची एक रीत होती. मोगऱ्याच्या दिवसांत संध्याकाळी कुणी चूल पेटवायची नाही. सकाळची भाकरी संध्याकाळी दह्याशी खायची, आणि पाहुणा आला तर त्यालाही तेच वाढायचं. नवी सून पहिल्या वर्षी कुरकुरायची. दुसऱ्या वर्षी तीच आपल्या माहेरच्या माणसांपुढं दहीभाकरीचं ताट ठेवून रीत समजावून सांगायची.

गावचा सगळा तीळ एकाच घाण्यात जायचा. घरोघरचं वेगळं तेल नाही, वेगळी बुधली नाही. एक घाणा, एक शिक्का. पाऊस तोंडावर आला की बंदरावरचा व्यापारी गाड्या घेऊन यायचा, शिक्का बघायचा आणि माल उचलायचा. त्यातून गावाचं वर्षभराचं धान्य यायचं, कापड यायचं, घाण्याचे बैल यायचे. एका घरचा तीळ बिघडला तर सगळ्यांचं तेल बिघडणार, म्हणून घाण्यात जाण्याआधी प्रत्येक घरचा तीळ एका माणसाच्या नाकाखालून जायचा.

तो माणूस म्हणजे पारखी आबा.

आबा मूठभर तीळ उचलायचे, दोन्ही तळव्यांत हलकेच चोळून ऊबदार करायचे, डोळे मिटायचे आणि नाकाशी न्यायचे. मग एकच शब्द. "घाला", नाहीतर "न्या". त्यावर अपील नव्हतं. एकदा त्यांनी खुद्द आपल्या व्याह्यांचा तीळ परत पाठवला. व्याही लालबुंद झाले. "काय खोट आहे यात?" आबा म्हणाले, "खोट काही नाही. तुमच्याकडं परवा सुकट भाजली एवढंच." व्याही खाली बघायला लागले, कारण परवा सुकट भाजली होती, आणि तीसुद्धा दार लावून.

शेजारच्या यमुनाक्काचा तीळ एकदा नाकारला तेव्हा तर तिनं भांडणच काढलं होतं.

"अहो आबा, एक वांगं भाजलं. एक! तेही सकाळी!"

"मोठं होतं," आबा म्हणाले.

सगळा घाणा हसला, आणि अक्काही शेवटी हसली. पण तीळ परत नेला. पारखी असावा तर असा, असंच तेव्हा सगळे म्हणाले.

अशा माणसाच्या घरात चार वर्षांमागं एक जागा रिकामी झाली. आबांची बायको द्वारका गेली.

द्वारकाबाईंना झाडांचं वेड. परसात फणस, आंबा, बकुळ, रामफळ, कोपऱ्यात बांबूचं बेट. एवढी झाडं म्हटल्यावर पाचोळा आलाच. थंडी सरत आली की त्या दिवस मावळताना खराटा घेऊन परस झाडायच्या, भिंतीकडं ढीग करायच्या आणि त्याला काडी लावायच्या. मोठा जाळ नाही. नुसता निळसर धूर, मधूनच एखादं पान तडतडायचं. त्या शेजारी पाटावर बसून शेंगा निवडत राहायच्या. आबा मोगऱ्याच्या मळ्यातून परत यायचे तर गल्लीच्या वळणावर तो वास त्यांना सामोरा यायचा. पाय आपोआप झपाझप पडायला लागायचे. आत येऊन ते काही बोलायचे नाहीत, ओट्यावर बसायचे. द्वारकाबाई न बघता म्हणायच्या, "आलात? घोटभर पाणी देते." बस्स, एवढंच. पण ज्यानं असं एवढंच पुष्कळ वर्षं घेतलेलं असतं, त्याला दुसरं काही द्या, ते पुरत नाही.

त्या गेल्यावर पहिल्या वर्षी परस तसंच पडून राहिलं. पानं गुडघ्याएवढी साचली. एक दिवस आबांनीच खराटा उचलला, ढीग केला आणि काडी लावली. धूर उठला. आबा ओट्यावर जाऊन बसले आणि कितीतरी दिवसांनी त्यांना आपल्या घरात आल्यासारखं वाटलं.

तेव्हापासून त्यांचा तो नेमच झाला.

इकडं गाव वाढत होतं. पूर्वी दोन घरांमध्ये शेत होतं, आता दोन घरांमध्ये एक भिंत राहिली. जो तो परसात झाडं लावी, आणि पाचोळा झाला की जो तो पेटवून मोकळा होई. म्हाताऱ्यांचा खोकला थांबेना. पूर्वी पाडव्याच्या कितीतरी आधी आटपणारं हे जाळणं आता पाडव्याच्या तोंडाशी येऊ लागलं, आणि गच्च्यांवर काजळी बसायला लागली. मग नगरशेटनं पाराखाली गाव जमवलं. नगरशेट म्हणजे गावचा कारभार बघणारा, आवाजानं मऊ पण शब्दाला पक्का माणूस.

"मंडळी," तो म्हणाला, "चुलीची रीत वाडवडिलांनी घालून दिली. पाचोळ्याचं तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही, कारण जागा होती. आता ती नाही. तर होळी झाली की पाऊस पडेपर्यंत परसात पान पेटवायचं नाही. गावाबाहेर एक खड्डा खणू. सगळ्यांनी पाचोळा तिथं टाकायचा, कुजला की मोगऱ्यालाच खत होईल. पारखी आबा, तुमचं काय म्हणणं?"

आबा म्हणाले, "योग्य आहे. तीळ धूर घेतो. फार लवकर घेतो."

आबांनी मान डोलावली म्हणजे प्रश्न मिटला. दुसऱ्या दिवशी दवंडी पिटली.

होळी झाली, पाडवाही उजाडला. गावानं पाट्या भरभरून पाचोळा खड्ड्यावर नेला. आबांनीही नेला, दोन पाट्या. तिसरी भरताना दिवस मावळतीला आला होता. घरात चूल नाही, बोलायला माणूस नाही, सकाळची भाकरी फडक्यात गुंडाळलेली. आबा भरलेल्या पाटीकडं बघत उभे राहिले. मग त्यांनी ती भिंतीकडं नेली आणि पालथी केली.

मनाशी म्हणाले, माझी भिंत पुरुषभर उंच आहे. ढीग ओंजळीएवढा आहे. वारा या वेळेला नदीकडं असतो. आणि सबंध गाव पेटवत होतं म्हणून नियम झाला. सबंध गाव थांबलं, आता एका ढिगानं काय होतंय?

मंडळी, दुकानदारीत मुरलेल्या माणसाला हा हिशेब चांगला ठाऊक असतो. सगळे जण माप पुरं भरतात तेव्हाच एखाद्याला चिमूटभर कमी भरायची बुद्धी होते. कारण तेव्हाच ते खपून जातं.

काडी लागली. धूर वर गेला, भिंतीच्या वर पोचला आणि नदीकडं न जाता सावकाश पलीकडं, यमुनाक्काच्या गच्चीकडं वळला.

अक्का गच्चीवर कळ्या पसरत होती. तिला वास आला. ती कठड्याशी आली आणि खाली वाकून बघितलं. आबा ओट्यावर बसले होते, मांडीवर हात ठेवून. समोर द्वारकाबाईंचा पाट मांडलेला. त्या पाटावर कुणी नव्हतं.

अक्काच्या ओठांवर आलेले शब्द ओठांवरच राहिले. द्वारका तिची मैत्रीण होती. दोघी एकाच वर्षी नांदायला आल्या होत्या आणि भिंतीवरून एकमेकींना कैरीचं लोणचं देत म्हाताऱ्या झाल्या होत्या. ती गुपचूप मागं फिरली. आजचा दिवस असू दे, म्हणाली.

पण आजचा दिवस रोज येतो. चारपाच दिवसांनी अक्का भिंतीशी आलीच.

"आबा, झोपलात की जागे?"

"जागाच आहे. बोल."

"धूर येतो हो माझ्या तिळावर."

"तुझ्या तिळावर? वारा नदीकडं आहे अक्का."

"वाऱ्याला कुणी सांगितलं नसेल मग. माझ्या डोळ्यांत येतो तो."

"डोळ्यांत येणं वेगळं, तिळात जाणं वेगळं. तीळ कळतो मला."

ज्याच्या एका शब्दावर गाव तीळ घालतं, त्याला तिळाचं शहाणपण शिकवायचं? ती एवढंच म्हणाली, "नगरशेटला कळलं तर?"

"तू सांगणार आहेस?"

"मी कशाला सांगू! मी वांगं भाजणारी बाई," अक्का म्हणाली आणि निघून गेली. त्या दिवसापासून तिनं तीळ गच्चीच्या पलीकडच्या टोकाला हलवला. पण गच्ची ती गच्ची, तिचं पलीकडचं टोक असून असून किती लांब असणार?

असा सबंध चैत्र गेला, वैशाख गेला. मग ढग जमायला लागले आणि घाण्यावर तीळ आणायचा दिवस आला.

एकेक घर आलं. आबांनी मूठ भरली, चोळली, डोळे मिटले. "घाला." "घाला." "हा न्या, डब्याला चिंच लागली होती." पारख तशीच लख्ख होती. घाण्याचा बैल फिरायला लागला, लोकांच्या तोंडावर तजेला आला.

मग यमुनाक्का आली. तिचं टोपलं सगळ्यांत मोठं होतं. त्या वर्षी तिच्या नातीचं लग्न काढायचं होतं, म्हणून तिनं दुप्पट तीळ पसरला होता. टोपलं ठेवून ती बाजूला झाली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली.

आबांनी मूठ भरली. तळव्यात चोळली. नाकाशी नेली.

आणि ते थांबले.

घाण्यावरची माणसं बघायला लागली. एवढा वेळ आबा कधी लावत नसत. त्यांनी दुसऱ्यांदा मूठ भरली, पुन्हा डोळे मिटले. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या सैल झाल्या. डोळ्यांच्या कडा ओल्या दिसल्या.

"अक्का," ते हलक्या आवाजात म्हणाले, "कित्येक वर्षांत असा तीळ आला नाही."

"म्हणजे कसा आबा?"

"कसा ते सांगता येत नाही. पण आतपर्यंत जातो. घाला. आधी हाच घाला."

अक्काचा श्वास मोकळा झाला. तिलाही वाटलं, आबा म्हणतात म्हणजे खरंच धूर लागला नसेल. आपणच उगाच शंका घेतली. टोपलं घाण्यात रिकामं झालं. सगळ्या गावाच्या तिळात तो तीळ मिसळला, पिळला गेला, बुधल्यांत उतरला, आणि बुधल्यांच्या तोंडावर शिक्का बसला.

आठवड्याभरात बंदरावरचा व्यापारी आला. गोल पोटाचा, हसतमुख, गावातल्या पोराबाळांची नावं लक्षात ठेवणारा माणूस. त्याची एक लाडकी खोड होती. माल तो शिक्क्यावरच घ्यायचा, पण गाड्या भरण्याआधी एक बुधली उघडून करंगळी बुडवायचा आणि तेल आपल्या मिशीला लावायचा. म्हणायचा, "वाटेत आठ दिवस बैलांचा वास. निदान नाकाखाली तुमचं गाव असू दे." दरवर्षी लोक या वाक्याची वाट बघायचे.

त्यानं करंगळी बुडवली. उजव्या मिशीला लावली. डावीकडं नेता नेता त्याचा हात थांबला.

"नगरशेट," तो म्हणाला, "गावात आग लागली होती का हो?"

"आग? नाही बुवा."

"कुणाची गंजी जळली? गोठा?"

"काहीच नाही. का?"

व्यापाऱ्यानं उपरण्यानं मिशी पुसली. दुसरी बुधली उघडली, तिसरी उघडली. एकीकडं उभे असलेले आबा पुढं आले. "काय झालं शेटजी?"

"तुम्हीच सांगा. तुमच्यापुढं मी काय बोलणार?" त्यानं बुधली पुढं केली.

आबांनी वास घेतला. "मोगरा आहे," ते म्हणाले. "भरलेला मोगरा."

"आहेच. आणि मोगऱ्याच्या मागं?"

"मागं..." आबांनी पुन्हा वास घेतला. "मागं ऊब आहे."

"आबा," व्यापारी अगदी हळू, मोठ्या भावाशी बोलावं तसं बोलला, "ती ऊब जळक्या पानांची आहे. मी मैत्रीखातर हा माल घेईन हो. डोळे झाकून घेईन. पण पुढं तो ज्यांच्या हातात जाईल त्यांची आणि माझी मैत्री नाही. ते म्हणतील, या गावाच्या शिक्क्यावर आता नाक लावून बघितलं पाहिजे. आणि एकदा असं बघायला लागले की शिक्क्याला किंमत राहत नाही."

तो गावात जेवला, पोरांना खाऊ वाटला, सगळ्यांची विचारपूस केली. आणि रिकाम्या गाड्या घेऊन परत गेला. त्या रिकाम्या गाड्यांचा खडखडाट वेशीपर्यंत सगळ्यांना ऐकू येत होता.

पाराखाली गाव जमलं. कुणी ओरडत नव्हतं, हे जास्त वाईट होतं. नगरशेटनं विचारलं, "होळीनंतर पान कुणी पेटवलं?"

अक्का जमिनीकडं बघत होती. तिच्या घरात लग्न होतं, ते आता या वर्षी होणार नव्हतं. तरी ती बोलली नाही.

"मी," आबा म्हणाले.

माणसं एकमेकांकडं बघायला लागली. नगरशेटला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "आबा, नियमाला पहिली मान तुम्ही डोलावली होती."

"हो."

"आणि तिळात धूर गेलेला तुम्हाला कळला नाही?"

आबांनी आपल्या तळव्यांकडं पाहिलं. मग म्हणाले, "वास आला. पण मला ती खोट वाटली नाही रे. मला तो माझ्या घराचा वाटला. द्वारका असायची तेव्हा..."

तेव्हा यमुनाक्का उठली. "आबा, आता बोलते, आधीच बोलायला हवं होतं. द्वारकावहिनींचा धूर तुम्हाला आठवतो. तो कधी थांबायचा ते आठवतं का? होळीच्या दिवशी त्या पाचोळ्याचा शेवटचा ढीग जाळायच्या आणि खराटा उलटा ठेवायच्या. पाडव्यापासून सगळी पानं फणसाच्या बुंध्याशी. वळीव पडेपर्यंत एक काडी नाही. मी विचारलं तर म्हणायच्या, 'आमच्या घरात पारखी माणूस आहे, त्याचं नाक मला सांभाळायचंय.'"

आबा ऐकत राहिले. इतक्या वर्षांच्या संध्याकाळी त्यांनी मनात जपून ठेवल्या होत्या, त्यात धूर होता, पाट होता, पाण्याचा तांब्या होता. पाडव्यापासूनच्या धुराविना गेलेल्या संध्याकाळी मात्र एकही नव्हती. त्याही द्वारकेच्याच होत्या. त्यांनी तेवढ्या वेचून टाकल्या होत्या.

"मला पारखी म्हणू नका आता," ते म्हणाले. "हे काम अक्काला द्या. तिला धूर तेव्हाच कळला होता."

"मला कळला, पण मी गप्प बसले," अक्का म्हणाली. "माझीही पारख तुमच्याएवढीच."

शेवटी ठरलं की पुढच्या वर्षीपासून तीळ एका नाकानं जोखायचा नाही, तीन घरांच्या तीन माणसांनी जोखायचा. नियम होता तसाच राहिला. आबांच्या परसातली पानं त्या दिवसापासून खड्ड्यावर जाऊ लागली, आणि ती आबा स्वतःच डोक्यावरून नेऊ लागले.

पण त्या वर्षीच्या तेलाचं काय करायचं? विकता येईना, टाकवेना. मग ते घरोघरी वाटून घेतलं आणि लोकांनी ते दिव्यांत घातलं. त्या वर्षी गावानं दोन वेळची भाकरी दीड वेळेवर आणली, जुनी लुगडी उसवून पुन्हा शिवली, आणि अक्काच्या नातीचं लग्न पुढं ढकललं. कुणीही आबांना एका शब्दानं बोललं नाही.

फक्त रोज दिवेलागण झाली की घराघरांत तो दिवा लागायचा. तेल तापायचं, आणि दारादारांतून मोगऱ्याचा आणि त्यामागं जळक्या पानांचा वास गल्लीत यायचा. आबा खड्ड्यावरून रिकामी पाटी घेऊन परत यायचे तर वळणावर तो त्यांना सामोरा यायचा. जो वास एका संध्याकाळी तरी पुन्हा मिळावा म्हणून त्यांनी एवढं केलं, तो आता गाव त्यांना वर्षभर रोज देत होतं. आणि त्या वळणावर आबांची पावलं जड व्हायची.

बोध एवढाच: आपल्या परसातली आठवण आपल्या एकट्याची असते, पण तिचा धूर सगळ्या गावाचा होतो.